पाटी कुणाची, बिऱ्हाड कुणाचं: पोटातला जंतू आणि मलाची तपासणी



मी याच लोंढा गावच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला सातवीत शास्त्र शिकवलं. या व्यासपीठावर साहित्य झालं, इतिहास झाला, सीमाप्रश्न तर दर दोन वर्षांनी होतोच. यंदा संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी सांगितलं, "संडासची तपासणी." फोनवर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग पत्रिकेत 'पोटाचे आरोग्य' असं छापून आलं. मी त्यांना दोष देत नाही. पण आज हा शब्द या माईकवरून पुन्हा पुन्हा उच्चारणार आहे, कारण तो उच्चारायची लाज हाच पोटाच्या आजाराचा निम्मा भाग आहे.

आपण काय काय म्हणतो बघा. परसाकडला गेलो म्हणतो, बाहेर जाऊन आलो म्हणतो, मुलांना 'शी' शिकवतो. डॉक्टरसमोर बसलो की तेवढंही तोंडातून निघत नाही. मी बेळगावात तीस वर्षं पॅथॉलॉजीचं काम करतो आहे. सुरुवातीच्या काळात खेड्यातून येणारी माणसं नमुना काड्यापेटीत आणायची. वर कागद, कागदावर दोरा. टेबलावर ठेवताना मान दुसरीकडे. आता झाकणाची प्लास्टिकची डबी मिळते, झाकणालाच छोटा चमचा असतो. डबी बदलली, मान मात्र अजून दुसरीकडेच असते. गेल्या काही वर्षांतली एक बाई मला आठवते, खानापूर तालुक्यातलीच. डबीवर तीन पिशव्या गुंडाळलेल्या, आणि पिशवी मेथीच्या जुडीखाली. आधी तिने मेथी बाहेर काढून ठेवली, खोलीत दुसरं कुणी नाही ना ते पाहिलं, मग डबी दिली. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आधी माझ्या वडिलांविषयी सांगतो.

वडील पॉइंट्समन होते. मीटर गेजचा काळ. इथून एक फाटा कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्याला, एक बेळगाव-मिरजेकडे, एक धारवाड-हुबळीकडे. रात्रपाळी, हातात कंदील, धो धो पाऊस, आणि डब्यातला गार भात. चाळिशीच्या आतच त्यांचं पोट दुखायला लागलं. बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मधोमध, रिकाम्या पोटी, पहाटे दोन-तीनला. काही खाल्लं की तेवढ्यापुरतं थांबायचं. 'अल्सर' हा शब्द आमच्या घरात असा आला. त्या काळचं औषध म्हणजे दूध. दर दोन तासांनी दूध. आई आमच्या वाट्याचं दूध त्यांच्या टमलरमध्ये ओतायची, आणि आम्ही भावंडं त्या टमलरकडे बघत बसायचो. दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण नंतर आम्ल उलट जास्त सुटतं, हे मला डॉक्टर झाल्यावर कळलं. शेवटी १९७२ साली मिरजेला ऑपरेशन झालं. जठराला आम्ल सोडण्याचा हुकूम देणारी नस कापली, जठराचा काही भाग काढला. तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे ते योग्यच होतं, आणि त्या शस्त्रक्रियेने त्यांचा जीव वाचला. पण त्यानंतर ते पोटभर कधी जेवले नाहीत. जेवण झालं की घाम यायचा, भोवंड यायची, पडून राहावं लागायचं.

कारण काय सांगितलं होतं? तीन कारणं. तिखट, काळजी आणि वेळी-अवेळी जेवण. म्हणजे दोष कुणाचा? तिखट घालणाऱ्या आईचा, आणि काळजी करणाऱ्या त्यांचा स्वतःचा.

हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नव्हता, हे सांगायला मला रेल्वेच्याच एका डॉक्टरांचं नाव घ्यावंसं वाटतं. डॉ. एस. एल. मल्होत्रा. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या अल्सरचा त्यांनी अभ्यास केला आणि १९६४ साली तो 'गट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एकच नोकरी, तीच पाळी, तेच पगार, तरी उत्तरेपेक्षा दक्षिणेतल्या लोकांत अल्सर कितीतरी जास्त. का? त्यांना कारण दिसलं ते चावण्यात. पोळी-भाकरी चावावी लागते, तिच्यात लाळ मिसळते. मऊ भात तसाच पोटात जातो. माझ्या वडिलांसारख्या माणसांची पोटं त्या कागदावरच्या आकड्यांत होती, असं मला तो लेख वाचताना वाटलं. मल्होत्रांचं निरीक्षण खोटं नव्हतं. आहाराचा वाटा काय, हा प्रश्न आजही संपलेला नाही. पण त्या चित्रात एक पात्र राहून गेलं होतं. ते तेव्हा कुणालाच दिसलेलं नव्हतं.

ते पात्र सापडलं ऑस्ट्रेलियात, पर्थ शहरात. रॉबिन वॉरन हे तिथल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये माझ्यासारखेच पॅथॉलॉजिस्ट. जठराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघताना १९७९ साली त्यांना अस्तरावर वाकडे, मळसूत्रासारखे जिवाणू दिसले. सगळे म्हणाले, अशक्य. जठरात इतकं आम्ल असतं, तिथे जंतू जगेल कसा? १९८१ साली बॅरी मार्शल नावाचा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. दोघांनी तो जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न चालवला. ताटलीत दोन दिवस ठेवायचं, काही उगवलं नाही की टाकून द्यायचं. तीसेक रुग्णांचे नमुने असे फुकट गेले. १९८२च्या ईस्टरला सुट्टी लागून आली, ताटल्या चार-पाच दिवस तशाच राहिल्या, आणि सुट्टीनंतर बघतात तर जंतू वाढलेला! तो सावकाश वाढणारा होता, इतकंच. त्याला वेळ कुणी दिलाच नव्हता.

तरीही जग मानेना. १९८४ साली मार्शल यांनी या जंतूचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. आठवड्याभरात मळमळ, उलट्या. दुर्बीण घालून बघितलं तर अस्तर सुजलेलं. २००५ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. आपण त्याला आज एच. पायलोरी म्हणू. आम्लात तो जगतो तो युरिएज नावाच्या विकराच्या बळावर. शरीरातल्या युरियापासून अमोनिया तयार करून तो स्वतःभोवती आम्ल मारतो आणि अस्तरावरच्या चिकट थरात घुसून बसतो. बहुतेकांना लहानपणीच, घरातल्या घरात लागण होते: उष्ट्या तोंडातून, मळलेल्या हातांतून, खराब पाण्यातून. एकदा शिरला की औषध दिल्याशिवाय सहसा जात नाही. जन्मभर राहतो.

१९९५च्या सुमारास मी हे वडिलांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, "मग तिखटावरून मी तुझ्या आईला इतकी वर्षं बोललो, ते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मूळ विषयाकडे येतो. जंतू जठरात, मग तपासायचं संडासात का?

जठराचं अस्तर सतत झडत असतं. त्याच्याबरोबर जंतू आणि जंतूंचे तुकडे खाली उतरतात, आतड्यांतून प्रवास करून मलात येतात. त्या तुकड्यांवर एच. पायलोरीची स्वतःची प्रथिनं असतात. त्यांना आम्ही अँटिजेन म्हणतो. मलात ते सापडले म्हणजे जंतू आत्ता, या घडीला, पोटात नांदतो आहे.

'आत्ता' या शब्दावर मला जोर द्यायचा आहे. कारण बरीच माणसं रक्ताची तपासणी करून येतात आणि कागद दाखवतात, "डॉक्टर, पॉझिटिव्ह." रक्ताच्या तपासणीत काय सापडतं? शरीराने त्या जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं. जंतू गेला तरी ती महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. आपण रेल्वेच्या वसाहतीतली माणसं, आपल्याला हे पटकन कळेल. क्वार्टरच्या दारावर पाटी असते. माणसाची बदली हुबळीला होते, बिऱ्हाड ट्रकमध्ये चढतं, तरी पाटी सहा-सहा महिने तशीच. पाटी वाचून कुणी हाक मारली तर घरातून ओ येईल का? रक्ताची तपासणी म्हणजे ती पाटी. मलाची तपासणी म्हणजे मागच्या मोरीत पडलेली आजची उष्टी भांडी. भांडी आहेत म्हणजे बिऱ्हाड आहे.

दुसरे मार्गही आहेत. दुर्बीण घालून जठराचा तुकडा घ्यायचा. श्वासाची तपासणी आहे: खूण केलेला युरिया प्यायचा, जंतू असेल तर तो फोडतो, आणि ती खूण श्वासातून बाहेर येते. दोन्ही उत्तम. पण दुर्बीण लोंढ्यात नाही, श्वासाचं यंत्रही नाही. त्यासाठी माणसाने उपाशीपोटी बेळगाव, धारवाड नाहीतर गोव्यात बांबोळीला जायचं, एक दिवसाची मजुरी बुडवायची, सोबतीला आणखी एक माणूस न्यायचं. मलाच्या नमुन्याचं तसं नाही. वाटाण्याएवढा पुरतो. माणूस घरीच राहतो, डबी जाते. आणि चांगल्या प्रतीच्या, मोनोक्लोनल प्रतिपिंडं वापरणाऱ्या एलायझा तपासणीचा भरवसा श्वासाच्या तपासणीच्या तोडीचा आहे. शंभरात नव्वदांहून अधिक वेळा ती बरोबर उत्तर देते.

ती कशी होते, ते दाखवतो. शहाण्णव छोट्या खळग्यांची प्लास्टिकची ताटली असते, आप्पेपात्राची धाकटी बहीण म्हणा. प्रत्येक खळग्याच्या तळाला या जंतूचं प्रथिन पकडणारी प्रतिपिंडं चिकटवलेली. नमुना द्रवात कालवून त्यात थेंब टाकायचे. जंतूचे तुकडे असतील तर तळाला धरले जातात, बाकीचं धुऊन जातं. मग रंग आणणारं विकर, मग रसायन. ज्या खळग्यात जंतू, तिथे हळूहळू निळा रंग चढतो. शेवटचा थेंब पडला की निळ्याचा पिवळा होतो, आणि तो किती गडद आहे ते यंत्र मोजतं. पट्टीवरची झटपट तपासणीही मिळते. पंधरा मिनिटांत रेघ उमटते, गरोदरपणाच्या पट्टीसारखी. सोयीची आहे, पण भरवशात एलायझापेक्षा खालची. फिकट रेघ आली तर मी एलायझा केल्याशिवाय सही करत नाही.

इतकी सोपी तपासणी, मग चुकते कुठे? डबी भरण्याच्या आधी चुकते. आता त्या मेथीच्या जुडीवाल्या बाईंकडे येऊ.

त्यांना सहा वर्षांपासून जळजळ. नाश्त्याआधी पित्ताची गोळी, रोज. दुकानदार विचारत नव्हता, त्याही कुणाला विचारत नव्हत्या. अहवाल निगेटिव्ह आला. मी विचारलं, "बाई, गोळी बंद केली होती का?" त्या म्हणाल्या, "सकाळचीच घेऊन आले की." ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल या गोळ्या आम्ल कमी करतात आणि जंतूची संख्याही दाबून ठेवतात. जंतू मरत नाही, पण तपासणीत सापडत नाही. दोन आठवडे ती गोळी थांबवून त्यांनी पुन्हा नमुना दिला. खळगा पिवळाजर्द झाला.

म्हणून हे दोन आकडे घरी घेऊन जा. पित्ताची ती रोजची गोळी तपासणीआधी दोन आठवडे बंद. अँटिबायोटिक आणि बिस्मथची औषधं चार आठवडे बंद. अर्थात डॉक्टरांना विचारूनच. ज्यांचा अल्सर नुकताच फुटला आहे किंवा रक्तस्राव झाला आहे, त्यांनी स्वतःच्या मनाने काहीही बंद करायचं नाही. त्या दोन आठवड्यांत जळजळलं तर अँटॅसिडचं पातळ औषध चालतं. आमसुलाचं सार प्यायला तर माझी काहीच हरकत नाही. आणखी एक: पाण्यासारखे जुलाब होत असताना नमुना देऊ नका, उत्तर चुकू शकतं.

आता उपचार. चौदा दिवस. दोन किंवा तीन प्रकारच्या अँटिबायोटिक्स, बरोबर आम्ल कमी करणारी गोळी, बऱ्याचदा बिस्मथही. तोंड कडवट होतं, मळमळतं, बिस्मथने संडास काळी होते. पाचव्या दिवशी बरं वाटतं आणि माणूस थांबतो. इथेच घात होतो. उरलेला जंतू त्या औषधाला सरावतो. आपल्याकडे जुलाब झाले की मेट्रोनिडॅझोल, दात दुखला की मेट्रोनिडॅझोल, आणि घशाला काही झालं की दुकानातून एखादी अँटिबायोटिक. त्यामुळे या जंतूवरची नेहमीची औषधं आपल्या देशात वारंवार फसतात. ही आपणच, घरोघरी, थोडी थोडी करून आणलेली वेळ आहे. औषधं लिहिणारे आम्हीही त्यात आलो.

आणि म्हणूनच पुन्हा तपासायचं. औषधं संपल्यावर किमान चार आठवडे थांबून मलाची तपासणी परत करायची. दुखायचं थांबलं म्हणजे जंतू गेला असं नाही. माझ्या अनुभवात दहा माणसं औषध नेतात, तर दुसरी डबी घेऊन दोन-तीनच येतात. या तपासणीची खरी किंमत त्या दुसऱ्या डबीत आहे. इथे रक्ताची तपासणी साफ निरुपयोगी. पाटी तशीच असते ना दारावर.

तुम्ही विचाराल, मग काय, सगळ्या गावाने तपासून घ्यायचं? नाही. आपल्या देशात निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात हा जंतू असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना तो जन्मभर त्रास देत नाही. मुलांचं पोट दुखलं की लगेच ही तपासणी करू नका, त्यांच्या पोटदुखीची कारणं बहुधा वेगळी असतात. बालरोगतज्ज्ञांना ठरवू द्या. पण ज्याला अल्सर आहे किंवा कधी होऊन गेला आहे, ज्याची जळजळ महिनोन्महिने हटत नाही, ज्याच्या आई-बापांना किंवा भावंडांना जठराचा कॅन्सर झाला आहे, ज्याचं लोह कारण न सापडता सारखं कमी होतं, गुडघ्यासाठी जो रोज वेदनाशामक गोळ्या घेतो आणि ज्याला आधी अल्सर होता, त्याने जरूर करावी. कॅन्सरचं नाव मी घाबरवायला घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ साली या जंतूला कॅन्सर निर्माण करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं. लागण झालेल्यांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला तो येतो. भारतात जंतू इतका असून त्या मानाने हा कॅन्सर कमी आहे, मिझोराममध्ये मात्र जास्त. असं का, यावर अजून काम चालू आहे.

काही माणसांनी मात्र डबीच्या भानगडीत न पडता सरळ दुर्बिणीला जायचं. वजन उतरतंय, घास अडकतोय, उलटीत रक्त पडतंय, किंवा बिस्मथ आणि लोहाची गोळी चालू नसताना संडास डांबरासारखी काळी आणि चिकट होते आहे. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच पोट बिघडलं असेल, तरीही. हे बघायचं कुठे? संडासातच. पाणी ओतायच्या आधी एकदा खाली बघा. आमच्या वडिलांची काळी संडास आईने पाहिली होती. परसाकडेचं बोलायचं कसं, म्हणून आठ दिवस ती कुणाला बोलली नाही. आठव्या दिवशी वडील फलाटावर चक्कर येऊन पडले.

शेवटी एक मागणं. इथे पंचायतीचे सदस्य बसले आहेत, शिक्षक आहेत, आशाताई आहेत, रेल्वेतली निवृत्त मंडळी आहेत. आपल्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस ठरवून घ्या. शंभरभर झाकणाच्या डब्या, बर्फाच्या पिशव्या असलेली एक थंड पेटी, आणि ती बेळगावला पोचवणारा एक माणूस. भिंतीवर मराठीत आणि कन्नडमध्ये एक कागद: 'पित्ताची रोजची गोळी दोन आठवडे बंद ठेवून या.' डबी घेणाऱ्या ताईने डबी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघून हसायचं, एवढं तिला सांगा. जे सापडतील त्यांची औषधं आणि दुसरी डबी याची नोंद वहीत ठेवायची. बेळगावातल्या बाजूचं काम मी बघतो, हा शब्द मी या सभेत देतो.

हे जमण्यासारखं आहे. नमुना दोन ते आठ अंशांत ठेवला तर बहात्तर तासांपर्यंत चालतो. लोंढ्याहून सुटलेली गाडी बेळगावला दीड तासाच्या आत पोचते.